तीन पानांएवढी फट

होइस्टचं, म्हणजे भार उचलणाऱ्या विजेच्या यारीचं, बटण दाबलं की आधी 'टक्' होतं आणि मग मोटर फिरते. रोज ऐकून हा आवाज इतका अंगवळणी पडलेला असतो की तो येतोय की नाही, याकडे कुणाचं लक्ष नसतं.

मागच्या हंगामात विदर्भातल्या वणीच्या बाजूच्या एका कापसाच्या जिनिंगमधून रात्री साडेदहाला फोन आला. "साहेब, मोटर नुसती घुं घुं करून राह्यली. गठाण ना वर जाऊन राह्यली, ना खाली येऊन राह्यली." पोचलो तेव्हा ट्रकच्या फाळक्याच्या वर दोन हात रुईची गठाण लोंबकळत होती, हमाल लांब बसून खर्रा घोटत होते आणि फिटरने ओव्हरलोड रिले, म्हणजे मोटरीवर ताण वाढला की वीज तोडणारा स्विच, चार वेळा रिसेट करून झाला होता. वायंडिंग, म्हणजे मोटरीतलं तारेचं वेटोळं, गेलं, असं त्याचं मत. मी म्हटलं, "भाऊ, एकदा बटण दाब, पण मोटरीकडे पाहू नको, नुसतं ऐक." त्याने दाबलं. घुं आली, टक् आलंच नाही.

मोटर धडधाकट होती. तिच्या शेपटाला बसवलेला ब्रेक सुटतच नव्हता.

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण या ब्रेकचा कारभार उलटा आहे. सायकलचा ब्रेक आपण दाबला तर लागतो. हा ब्रेक कायम लागलेलाच असतो आणि वीज आली की सुटतो. एसटी डेपोतून निघताना ड्रायव्हर इंजिन चालू करून थोडा वेळ नुसताच का थांबतो, हे कधी पाहिलंय? टाकीत हवा भरेपर्यंत मागच्या चाकांचा स्प्रिंगचा ब्रेक सुटत नाही. हँडब्रेक ओढताना 'फुस्स' होतं, ती तीच हवा बाहेर पडते आणि स्प्रिंग पुन्हा चाकं धरते. होइस्टमध्ये हवेचं काम चुंबक करतो, एवढाच फरक. यामुळे लाईन गेली, केबल तुटली, फ्यूज उडाला, काहीही झालं तरी ब्रेक लागलेलाच राहतो. विदर्भातल्या खेड्यात लाईन कधी जाईल याचा भरवसा नाही, त्यामुळे हे उलटं गणित इथे फारच सोयीचं. १७० किलोची गठाण तीन मीटरवरून सुटली तर जमिनीला टेकताना तिचा वेग ताशी २७ किलोमीटरच्या पुढे असतो. खाली माणूस असला तर पुढचं बोलायलाच नको.

आत भाग मोजकेच. मोटरीच्या दांड्याबरोबर फिरणारी एक चकती, तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचा लायनर. चकतीला लागून लोखंडाची एक जाड ताटली, जिला फिटर लोक आर्मेचर म्हणतात. ती फिरत नाही, फक्त मागेपुढे सरकते. ताटलीच्या मागे चुंबकाचं घर, त्यात तांब्याची कॉइल आणि गोलाकार बसवलेल्या स्प्रिंगा. स्प्रिंगा ताटलीला चकतीवर दाबून धरतात, तोच ब्रेक. कॉइलमध्ये वीज गेली की चुंबक स्प्रिंगांना न जुमानता ताटली स्वतःकडे ओढून घेतो. ताटली घरावर आपटते. तेच टक्.

आणि ती सरकते किती? लहान मोटरींवर नव्या ब्रेकमध्ये साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटर. वहीची तीन-चार पानं एकावर एक ठेवा, तेवढीच फट. सगळा खेळ या फटीचा आहे.

घरच्या घरी करून पाहा. एक चपटा चुंबक लोखंडी कपाटाला चिकटवा आणि त्याच्या आड लग्नपत्रिका घाला. एक घातली तर धरतो, दोन घातल्या तर घसरायला लागतो, तिसरीला पडतो. चुंबकीय रेषांना लोखंडातून जाणं सोपं आणि हवेतून जाणं महाकठीण. ०.३ मिलिमीटर हवा ओलांडायला जेवढा जोर लागतो, तेवढ्यात हातभर लोखंड पार होतं. म्हणून फट दुप्पट झाली की ओढ निम्मी होऊन भागत नाही, ती ढोबळमानाने चौथा हिस्सा उरते. फटीच्या वर्गाच्या प्रमाणात ती कमी होते.

आता ही फट रुंद का होते? प्रत्येक थांब्याला लायनर थोडा झिजतो, चकती पातळ होते, ताटली तेवढी पुढे सरकते आणि चुंबकापासून दूर जाते. ब्रेक जुना होतो म्हणजे नेमकं हे होतं. पकड ढिली होण्याआधीच सुटण्याची ताकद संपते. हे लोकांच्या लक्षात येत नाही, कारण आपल्या डोक्यात जुना ब्रेक म्हणजे न लागणारा ब्रेक असंच बसलेलं असतं.

त्यात आपल्याकडचं हवामान. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. दिवाळीनंतरच्या पहाटे १५ अंशांत सुरू होणारी कॉइल एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली ४५ अंशांतून सुरुवात करते. चंद्रपूर, अकोल्याकडे पारा त्याच्याही वर जातो. म्हणजे करंट दहा टक्क्यांच्या आसपास कमी, आणि ओढ करंटच्या वर्गाने बदलत असल्यामुळे ती ८० टक्क्यांवर. फीडरच्या टोकाला असलेल्या जिनिंगमध्ये आजूबाजूचे पंप एकदम सुरू झाले की ४१५ व्होल्टचे ३७० होतात. आणखी एकदा ८० टक्के. दोन्ही मिळून ६४. त्यात फट ०.३ ची ०.६ झालेली असेल तर ६४ चा चौथा हिस्सा, म्हणजे १६. नव्या ब्रेकला ज्या जोराने चुंबक ओढायचा, त्याचा सहावा भाग उरला. यातलं एकेक दुखणं ब्रेक खपवून घेतो. तिन्ही एका रात्री जमली की गठाण हवेत लटकते. दुसऱ्या दिवशी सकाळी गारव्यात तोच ब्रेक टक् करून सुटतो आणि मालक म्हणतो, "पाहा, चालू तर हाय!"

त्या रात्री आम्ही आधी गठाण उतरवली. ब्रेक हाताने सोडायचा दांडा होता, तो हळूहळू ओढून वीत-वीत खाली घेतली, सगळ्यांना लांब उभं करून. हा क्रम कधीच चुकवायचा नाही. भार हवेत असताना ब्रेक खोलणं म्हणजे गठाणीची दोरी कापणं. मग मेन बंद केला, पंख्याचं झाकण काढलं आणि टॉर्चच्या उजेडात पाहिलं. फटीत रुईचा तूस घट्ट बसलेला होता, लायनरच्या काळ्या भुकटीने तेलकट झालेला. फट मोजायच्या फिलर गेजची पातळ पाती घालायची तर आधी सुईने तो उपसावा लागला. ०.६ ची पाती आरामात गेली. तूस अडकला की ताटली पूर्ण टेकत नाही, चकती अर्धवट घासत राहते, तापते आणि आणखी झिजते. जळाल्याचा वास येत होता, तो त्याचाच.

फिटरला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. या ब्रेकची फट मोजायची तर आधी पंख्याचं झाकण, मग पंखा, मग सर्क्लिप ही दांड्यावरची स्प्रिंगसारखी कडी, मग दांड्याच्या खाचेतली चावी, मग धूळ अडवणारं कडं काढायचं. पाऊण तास. मोजायचं काय, तर तीन पानांची जाडी. सर्क्लिप एकदा उडाली की रुईच्या ढिगात ती पुन्हा सापडत नाही. ज्याने हे डिझाइन केलं त्याने ते एसी खोलीत, स्वच्छ टेबलावर, सगळे पाने हाताशी ठेवून उघडून पाहिलं असणार. हंगामात दिवसरात्र चालणाऱ्या जिनिंगमध्ये पाऊण तास मशीन बंद ठेवून कुणी फट मोजत नाही. मोजत नाही म्हणून कळत नाही, आणि कळत नाही म्हणून साडेदहाला फोन येतो.

माझ्या हातात असतं तर पहिलं काम मी खिडकीचं केलं असतं. ब्रेकच्या घेरावर सारख्या अंतरावर तीन छोटी भोकं, रबरी बुचं लावलेली. बूच काढलं, पाती घातली, फट कळली. तीनच का, तर ताटली तिरकी बसली असेल तर एका बाजूला ०.२ आणि दुसऱ्या बाजूला ०.५ निघते. एका ठिकाणी मोजून समाधान मानणारा हमखास फसतो.

दुसरं, फट जुळवायचे स्क्रू आणि स्प्रिंगा आवळायचा नट यांत गफलत होऊच नये अशी रचना. फिटरकडून होणाऱ्या चुका दोनच. भार घसरतोय म्हणून तो स्प्रिंगा आवळतो, तेव्हा पकड वाढते पण चुंबकाला त्याच स्प्रिंगा ओढायच्या असल्यामुळे ब्रेक सुटेनासा होतो. किंवा ब्रेक सुटत नाही म्हणून फट अगदी शून्यावर आणतो, मग चकती फिरताना घासते आणि चार दिवसांत लायनर कोळसा. फटीच्या स्क्रूला षटकोनी डोकं आणि स्प्रिंगच्या नटाला वेगळ्या आकाराची खाच ठेवली, शेजारी फटीची हद्द कोरून ठेवली, तर निम्म्या भानगडी संपतील.

तूस-धूळ अडवणारं कडं हवंच, पण ते दुधारी आहे. बाहेरचा तूस आत येऊ देत नाही, तशी आतली लायनरची भुकटीही बाहेर पडू देत नाही. म्हणून तळाशी भुकटी पडायला एक भोक ठेवावं आणि महिन्यातून एकदा तिथून साफ करावं. कॉम्प्रेसरची हवा मारून नाही, ब्रशने. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती भुकटी छातीत गेलेली परवडत नाही.

यातलं सगळ्यात हुशारीचं काम मला वाटतं ते विजेचं. ताटली ओढायला जोर लागतो तो फट असेपर्यंत. एकदा ती टेकली की हवा संपली, मग पाव करंटही तिला धरून ठेवायला पुरतो. कॉइलला एसीची डीसी करून देणारा तो रेक्टिफायर. म्हणून असे रेक्टिफायर असतात, जे सुरुवातीला क्षणभर विजेचा पूर्ण दाब (व्होल्टेज) देतात आणि मग निम्म्यावर आणतात. दाब निम्मा झाला की कॉइलमधली उष्णता एक चतुर्थांश होते. याचा खरा फायदा दुसराच. तेवढ्याच कॉइलला सुरुवातीचा धक्का जोरात देता येतो, म्हणजे फट थोडी वाढली तरी ती ओढून घेते आणि समायोजनाची वेळ लांबते. आत काही न बदलता देखभाल हलकी होते.

रेक्टिफायर मात्र टर्मिनल बॉक्समध्ये प्लगसारखा काढता यावा आणि कॉइलच्या दोन तारांना मीटर लावायला उघडी टोकं असावीत. रेक्टिफायर सबंध लहरीचा पूल (फुल-वेव्ह ब्रिज) असेल तर त्याला २३० व्होल्ट दिले की मीटरवर सुमारे २०७ डीसी दिसायला हवेत. त्याच्या जवळपास निम्मे दिसले तर एक डायोड मेलेला आहे, ब्रेक खोलायचीही गरज नाही. आणि हो, ज्यांनी होइस्टला व्हीएफडी, म्हणजे मोटरीचा वेग कमीजास्त करणारं यंत्र, बसवला त्यांनी ब्रेकची लाईन मोटरीच्या टर्मिनलवरून घेऊ नये. कमी वेगात व्हीएफडी तिथे दाब कमी करतो, ब्रेक अर्धवट सुटतो आणि माणूस मोटरीला शिव्या देत बसतो. ब्रेकला स्वतंत्र लाईन हवी. तसा व्हीएफडी नीट जोडला तर वरदान आहे, कारण तो मोटरीचा वेग विजेनेच उतरवतो आणि ब्रेकला फक्त थांबलेला भार धरून ठेवायचं काम उरतं. लायनर मग वर्षानुवर्षं टिकतो.

बरेच जण विचारतात, झीजच नको असेल तर न घासणारा ब्रेक का नाही? आहे ना. घराघरांत जुना काळा वीजमीटर होता, आत ॲल्युमिनियमची चकती फिरायची. तिच्यापाशी एक घोड्याच्या नालासारखा चुंबक असायचा. चकती फिरली की तिच्यात भोवऱ्यासारखे प्रवाह तयार होतात आणि ते तिच्याच फिरण्याला विरोध करतात. लिओन फूको या फ्रेंच माणसाने १८५५ मध्ये हे दाखवून दिलं. काही चिकटत नाही, काही झिजत नाही. पण चकती थांबली की विरोधही संपला. अशा ब्रेकवर लटकवलेली गठाण थांबणार नाही, ती सावकाश, अगदी सभ्यपणे खाली येत राहील. वेग कमी करायला तो उत्तम, धरून ठेवायला निरुपयोगी.

त्या जिनिंगच्या मालकाने नवा ब्रेक घेतला नाही. आम्ही फट ०.३ वर आणली, चकती बदलली, रेक्टिफायर बदलला आणि मी फिटरला माझा जुना फिलर गेज देऊन आलो. पंधरा दिवसांनी गेलो तर त्याने मशीन बंद असताना झाकणाला ड्रिलने तीन भोकं पाडून घेतली होती, बुचं म्हणून सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले होते. बाजूला पांढऱ्या मार्करने लिहिलेलं: १२ तारीख, ०.३. त्याखाली १९ तारीख, ०.३. २६ च्या पुढे ०.३५.

"वाढली जी," तो म्हणाला, आणि बटण दाबून कान मोटरीकडे केला.