पॅकेट कोणत्या तारेने बाहेर पडते?

नागपुरात सिमेंटच्या रस्त्यांचे खोदकाम सुरू झाले की जमिनीखालची एखादी केबल तुटतेच, आणि म्हणून धरमपेठ-सदरकडच्या ज्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुले रात्री उशिरापर्यंत बसतात, तिथे इंटरनेटच्या दोन वेगवेगळ्या लाइन घेण्याची पद्धत रुळत चालली आहे. अशा ठिकाणी महागडे उपकरण न आणता, लिनक्स टाकलेल्या एका जुन्या संगणकात तीन नेटवर्क कार्डे बसवली तरी काम भागते. त्यांतल्या दोन कार्डांना दोन लाइन जोडलेल्या असतात आणि तिसऱ्याला मुलांच्या टेबलांकडे जाणारा स्विच. मुलाने एखादे पान उघडले की त्याची मागणी ‘पॅकेट’ नावाच्या छोट्या तुकड्यांतून निघते. ती दोनपैकी कोणत्या तारेने बाहेर पडणार, हे त्या संगणकाचे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ठरवते, आणि त्यासाठी त्याला पाच-सहा ओळींचा एक तक्ता (राउटिंग टेबल) पुरतो. हा तक्ता वाचता येऊ लागला की नेटवर्कमधल्या निम्म्याअधिक बिघाडांचे कारण आपोआप दिसू लागते, असे माझे मत आहे.

सुरुवात कार्डांपासून करू. कर्नल प्रत्येक कार्डाला ‘इंटरफेस’ म्हणून ओळखते आणि त्याला एक नाव देते. पूर्वी ही नावे ‘ईटीएच०’, ‘ईटीएच१’ अशी सापडण्याच्या क्रमाने पडत, त्यामुळे संगणक पुन्हा सुरू केल्यावर दोन कार्डांची नावे आपसांत बदलण्याची भीती असे. २०१३ पासून सिस्टमडी हे लिनक्सच्या सेवा सुरू करणारे सॉफ्टवेअर कार्डाच्या जागेवरून नाव पाडू लागले. ‘ईएनपी३एस०’ म्हणजे पीसीआय या कार्डे जोडण्याच्या व्यवस्थेतल्या तिसऱ्या बसवर (वाहिनीवर) शून्य क्रमांकाच्या स्लॉटमधले इथरनेट कार्ड. कार्ड जागचे हलले नाही तर सहसा नावही हलत नाही, आणि तीन-तीन तारा असलेल्या संगणकात हे फार मोलाचे आहे.

‘आयपी लिंक’ या आज्ञेने इंटरफेस चालू करायचा आणि ‘आयपी ॲड्रेस’ने त्याला पत्ता द्यायचा. आपल्या अभ्यासिकेत मुलांच्या बाजूचा इंटरफेस ‘ईएनपी४एस०’ आहे आणि त्याचा पत्ता १९२.१६८.१०.१/२४ आहे असे समजू. तिरप्या रेघेनंतरचा आकडा सांगतो की ३२ बिटांच्या या पत्त्यातले पहिले २४ बिट जाळ्याचे आहेत आणि उरलेले ८ त्या जाळ्यातल्या यंत्राचे. आठ बिटांचे २५६ पत्ते होतात, त्यांतले पहिला आणि शेवटचा सोडून २५४ यंत्रांना देता येतात.

पत्ता दिल्याबरोबर कर्नल न सांगता आणखी एक काम करते, आणि नवशिक्यांच्या नजरेतून नेमके तेच सुटते. मुख्य तक्त्यात ते स्वतःहून एक ओळ लिहिते: १९२.१६८.१०.० ते १९२.१६८.१०.२५५ हे सारे पत्ते याच तारेवर आहेत, त्यांच्यासाठी मध्यस्थाची गरज नाही. म्हणूनच /२४ ऐवजी चुकून /१६ लिहिले गेले तर आज्ञा निमूटपणे चालते, पण संगणक १९२.१६८ ने सुरू होणारे पासष्ट हजारांवर पत्ते शेजारी बसले आहेत असे धरून चालतो आणि दूरच्या यंत्रांना स्वतःच्याच तारेवर शोधत राहतो.

आता दोन लाइन जोडू. पहिली लाइन एका राउटरमधून येते. त्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि ‘ईएनपी२एस०’ वर आपला पत्ता १९२.१६८.१.२. दुसऱ्या लाइनवर, म्हणजे ‘ईएनपी३एस०’ वर, सेवा देणाऱ्याने थेट कायमचा जाहीर पत्ता दिला आहे: आपल्याकडे २०३.०.११३.१०/३०, पलीकडे गेटवे, म्हणजे बाहेरच्या जाळ्याकडे नेणारा राउटर, २०३.०.११३.९. (२०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणून ते इथे घेतले.) ‘आयपी रूट’ अशी आज्ञा दिली की तीन जोडलेल्या जाळ्यांच्या तीन ओळी आणि ‘डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१’ अशी चौथी ओळ दिसते. ‘डिफॉल्ट’ म्हणजे ०.०.०.०/०, ज्यात एकही बिट जुळवून पाहायचा नसल्याने जगातला कोणताही पत्ता बसतो.

एकाच पत्त्याला दोन ओळी लागू पडल्या तर काय, या प्रश्नाचे उत्तर हा साऱ्या विषयाचा गाभा आहे. तक्त्यातला ओळींचा क्रम इथे पाहिला जात नाही. जिचे सर्वाधिक बिट जुळतात ती ओळ जिंकते. टपालाचा पिनकोड असाच वाचला जातो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या सहा अंकी पद्धतीत ४४ म्हणजे विदर्भ, त्यात ४४० म्हणजे नागपूर, ४४२ म्हणजे वर्धा-चंद्रपूरकडचा भाग, आणि ४४०००१ म्हणजे सिव्हिल लाइन्समधले मुख्य टपाल कार्यालय. दूरच्या राज्यातल्या कार्यालयाला पहिल्या दोन-तीन अंकांवर थैली रवाना करता येते, शेवटचे तीन अंक नागपुरात पाहिले जातात. त्याच तत्त्वाने १९२.१६८.१०.२५ कडे निघालेल्या पॅकेटला डिफॉल्टची ओळही लागू पडते आणि /२४ ची ओळही, पण २४ बिट शून्य बिटांना हरवतात. १९९३ पर्यंत इंटरनेटवरचे पत्ते ए, बी, सी अशा ठरीव वर्गांत कोंबलेले होते. त्या वर्षी वर्ग बाजूला सारून कोणत्याही बिटावर रेघ ओढण्याची मुभा मिळाली, आणि तेव्हापासून सर्वांत लांब जुळणीचा हा नियम साऱ्या राउटिंगचा पाया झाला. इंटरनेटच्या मुख्य राउटरांच्या तक्त्यात आज आयपीव्ही४ च्या, म्हणजे याच ३२ बिटी पत्त्यांच्या, नऊ लाखांहून अधिक नोंदी असतात, तरीही तिथे निकाल याच नियमाने लागतो.

ओळ निवडली गेल्यावर पुढे जे घडते ते मला या विषयातले सर्वांत सुंदर वाटते. गेटवेचा आयपी पत्ता पॅकेटवर कुठेही लिहिला जात नाही. पॅकेटवर दूरच्या सर्व्हरचाच पत्ता राहतो. गेटवेचा पत्ता केवळ त्याच्या कार्डाचा ४८ बिटांचा मॅक पत्ता शोधण्यापुरता वापरला जातो. १९८२ मध्ये ठरलेल्या एआरपी या रीतीने आपला संगणक तारेवर सर्वांना विचारतो, ‘१९२.१६८.१.१ कोणाकडे आहे?’, उत्तरात मॅक पत्ता येतो आणि त्याचा लिफाफा चढवून पॅकेट रवाना होते. पुढच्या राउटरवर हा लिफाफा फेकला जातो आणि नवा चढतो. संपूर्ण मार्ग कोणालाच ठाऊक नसतो. अभ्यासिकेतून निघालेले पॅकेट मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून समुद्राखालच्या केबलमध्ये शिरणार असले तरी आपल्या संगणकाला फक्त पुढचा टप्पा माहीत असतो.

मुलांची पॅकेट एका इंटरफेसवरून घेऊन दुसऱ्यावरून पुढे पाठवायची, तर कर्नलला तशी परवानगी द्यावी लागते, कारण ‘आयपी फॉरवर्ड’ हे मूल्य मुळात शून्य असते. शिवाय १९२.१६८ ने सुरू होणारे खाजगी पत्ते बाहेर चालत नाहीत, म्हणून बाहेर पडताना पाठवणाऱ्याचा पत्ता बदलावा लागतो, ज्याला मास्करेड म्हणतात. ही दोन कामे झाली की पहिली लाइन मुलांपर्यंत पोहोचते.

दुसरी लाइन राखीव ठेवायची तर तिच्यासाठी दुसरी डिफॉल्ट ओळ लिहून तिचा ‘मेट्रिक’ (पसंतीक्रमाचा आकडा) मोठा ठेवतात, कारण बाकी सारे समान असेल तर लहान मेट्रिक जिंकतो. लॅपटॉपवर जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर हा प्रोग्राम इथरनेटला १०० आणि वायफायला ६०० मेट्रिक देतो. तार जोडताच वायफाय मागे पडते ते यामुळेच. मात्र केवळ मेट्रिकच्या भरवशावर राहणे धोक्याचे आहे. खोदकामात केबल तुटते ती चौकात, अभ्यासिकेतला राउटर आणि आपले कार्ड यांच्यामधली हातभर तार शाबूतच असते. कर्नलच्या दृष्टीने इंटरफेस चालू आहे, गेटवे उत्तर देतो आहे, म्हणजे ओळ वैध आहे, आणि सारी पॅकेट त्या बंद वाटेने जात राहतात. त्यासाठी राउटरच्या पलीकडच्या एखाद्या पत्त्याला ठरावीक वेळाने पिंग करून (छोटे पॅकेट पाठवून उत्तर येते का ते) पाहणारा आणि उत्तर थांबल्यास पहिली ओळ काढून टाकणारा छोटा प्रोग्राम सोबत चालवावाच लागतो.

दुसरी अडचण अधिक बारीक आहे. अभ्यासिकेच्या संचालकांना घरून या संगणकावरची नोंदवही उघडायची आहे, आणि ते कायमच्या पत्त्यावर म्हणजे दुसऱ्या लाइनवर येतात. उत्तर पाठवताना तक्ता फक्त कुठे जायचे ते पाहतो, मागणी कुठून आली ते पाहत नाही, त्यामुळे २०३.०.११३.१० हा पत्ता घेऊन निघालेले उत्तर पहिल्या लाइनने बाहेर पडू पाहते. तिथे तो पत्ता परका असल्याने ते वाटेत टाकून दिले जाण्याचीच शक्यता अधिक. बरेचदा गोष्ट इथपर्यंतही येत नाही: ‘आरपी फिल्टर’ ही परतीची वाट तपासणारी कर्नलची चाळणी कडक म्हणजे १ वर असेल, तर परतीची वाट त्याच इंटरफेसवरून नाही हे पाहून कर्नल आलेले पॅकेट दारातच टाकून देते, आणि सहसा त्याची नोंदही कुठे दिसत नाही.

यावरचा उपाय लिनक्समध्ये १९९९ च्या २.२ आवृत्तीपासून आहे. कर्नलकडे अनेक तक्ते असू शकतात आणि कोणता केव्हा वाचायचा याचे नियम वेगळे असतात. ‘आयपी रूल’ दिल्यावर मुळात तीन नियम दिसतात: ० क्रमांकावर स्वतःच्या पत्त्यांचा ‘लोकल’ तक्ता, ३२७६६ वर ‘मेन’ आणि ३२७६७ वर बहुधा रिकामाच असणारा ‘डिफॉल्ट’. आपण १०० क्रमांकाचा नवा तक्ता करून त्यात ‘डिफॉल्ट व्हाया २०३.०.११३.९’ ही एकच ओळ लिहायची, आणि ‘फ्रॉम २०३.०.११३.१० टेबल १००’ असा नियम जोडायचा. तो ‘मेन’च्या आधी वाचला जातो. आता त्या पत्त्यावरून निघणारे उत्तर दुसऱ्याच लाइनने जाते, आणि आरपी फिल्टर परतीची वाट तपासताना हाच नियम लावत असल्याने त्याचीही हरकत राहत नाही.

‘आयपी’ आज्ञेने केलेले हे सारे बदल केवळ मेमरीत असतात आणि वीज गेली की पुसले जातात, म्हणून ते नेटप्लॅन (नेटवर्कची मांडणी फाइलमधून लावणारे साधन) किंवा नेटवर्कमॅनेजरच्या फाइलमध्ये लिहून ठेवणे आवश्यक आहे. लिहून झाल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा आणि ‘आयपी रूट गेट’ या आज्ञेला बाहेरचा एखादा पत्ता देऊन पाहावा. ही आज्ञा एकही पॅकेट न पाठवता कर्नलचा निर्णय जसाच्या तसा दाखवते. नुसता पत्ता दिला तर उत्तरात ‘ईएनपी२एस०’ यायला हवे, आणि पुढे ‘फ्रॉम २०३.०.११३.१०’ जोडले तर ‘ईएनपी३एस०’ आणि टेबल १००.