एकट्याच्या भाडे कंपनीसाठी बँकेत चालू खातं : पात्रता आणि कागदपत्रं

जुळे सोलापुरात दोन फ्लॅट, नवी पेठेत एखादा गाळा, आणि भाडं घ्यायला एकल व्यक्ती कंपनी (ओपीसी) काढलीय. बँकेत जाण्याआधी एवढं बघा, की मिळकत कोणाच्या नावावर आहे? खरेदीखत आणि महापालिकेची घरपट्टी तुमच्या नावावर, भाडं मात्र कंपनीच्या खात्यात, हे हिशेबात बसत नाही. भाडेकरारात मालक म्हणून ज्याचं नाव, खातंही त्याचंच हवं. मिळकत कंपनीकडे वळवायची तर मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवावा लागतो. तेवढा खर्च पेलत नसेल तर कंपनीच्या भानगडीत पडू नये, असं माझं मत. स्वतःच्या मिळकतीचं भाडं बचत खात्यातही घेता येतं.

कंपनीच असेल, तर नोंदणीचा स्पाइस प्लस अर्ज भरतानाच बँक निवडता येते. शाखेत लागतात ते कागद असे : नोंदणी प्रमाणपत्र, मेमोरँडम व आर्टिकल्स (कंपनीचे उद्देश आणि अंतर्गत नियम), कंपनीचं पॅन (तुमचं ते वेगळं), कार्यालयाच्या पत्त्याचा पुरावा आणि तुमचं केवायसी. मेमोरँडमच्या उद्देशांत मिळकत भाड्यानं देणं आहे ना, ते वाचून घ्या.

खातं उघडण्याचा संचालक मंडळाचा ठरावही मागतात. मंडळात तुम्ही एकटेच, मग सभा कोणाबरोबर घेणार? कायद्यानं ती सोय केली आहे. ठराव इतिवृत्ताच्या वहीत लिहायचा, खाली सही आणि तारीख. त्याची प्रमाणित प्रत बँकेला द्यायची.

खातं सुरू झालं की भागभांडवलाची रक्कम स्वतःच्या खात्यातून त्यात भरा, रोख नको. नोंदणीपासून १८० दिवसांत आयएनसी-२०ए हा व्यवसाय सुरू केल्याच्या घोषणेचा अर्ज भरावा लागतो आणि त्याला याच भरण्याचा पुरावा जोडतात. तो राहिला तर कंपनीला ५० हजारांचा दंड, संचालकाला वेगळा.

कंपनी न काढता नुसती प्रोप्रायटरी फर्म (एकट्या मालकाचा धंदा) असेल तर पॅन-आधारबरोबर फर्मच्या नावाचे दोन पुरावे लागतात : उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग नोंदणीचं), जीएसटी, शॉप अ‍ॅक्ट (दुकान-आस्थापना नोंदणी) वगैरे. कायद्यातल्या मर्यादेपेक्षा कमी कामगार असले की शॉप अ‍ॅक्टची फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. तिची पावती चालते का, ते शाखेत आधी विचारा.

आणखी एक गल्लत नेहमी होते. ओपीसीसाठी दिलेला नॉमिनी शेअर्सपुरता असतो. कंपनीच्या बँक खात्याला नॉमिनी लावता येत नाही. प्रोप्रायटरच्या खात्याला मात्र लावता येतो.