रेड वाईनचा तुरटपणा मटणापुढे कुठे जातो?

दादा नाशिकहून येताना शिराझ द्राक्षाच्या रेड वाईनची बाटली घेऊन आला होता. रविवार होता, मटण अजून शिजत होतं, म्हणून आम्ही नुसतीच वाईन पेल्यांत ओतली. वहिनीने पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "भाऊजी, ही तर जांभळाची बी चघळल्यासारखी लागतेय. बिघडलीय का?" अर्ध्या तासाने पानं वाढली. सुकं मटण, ज्वारीची भाकरी, कांदा. दोन-चार घास झाल्यावर तिने तोच पेला पुन्हा उचलला. "अरे, आता छान लागतेय की!" दादाने लगेच खुलासा केला, "हवा लागली ना तिला. रेड वाईनला श्वास घेऊ द्यावा लागतो."

हा खुलासा मी कितीतरी जणांकडून ऐकलाय. हवेने वाईनचा वास खुलतो हे खरं. पण पेल्यात अर्धा तास ठेवल्याने एवढा तुरटपणा जात नाही. वाईन होती तशीच होती. फरक पडला होता तो वहिनीच्या तोंडातल्या लाळेत.

आपल्याकडे तुरट हा सहा रसांपैकी एक. आयुर्वेदात तो कषाय. गोड, आंबट, खारट, कडू यांच्यासाठी जिभेवर स्वादकलिका आहेत. तुरटपणा मात्र मुख्यतः स्पर्शातून कळतो. कच्च्या सुपारीचं खांड वरच्या ओठाच्या आत, हिरडीला लागून जरा वेळ धरून बघा. तिथे स्वादकलिका नाहीत, तरी कातडी आवळल्यासारखी होते आणि खरखरीत लागते.

हे करणारी द्रव्यं म्हणजे टॅनिन. आपल्या सह्याद्रीतल्या हिरड्यात ती भरपूर असतात, बाभळीच्या सालीतही. कातडी कमावायला हिरडा आणि बाभळीची साल पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली ती त्यासाठीच. कातड्यातल्या प्रथिनांना टॅनिन घट्ट धरून ठेवतं, मग कातडं कुजत नाही. द्राक्षात टॅनिन असतं ते सालीत आणि बियांत. व्हाईट वाईन करताना रस आधीच पिळून वेगळा काढतात. रेड वाईनमध्ये साल, बिया आणि रस एकत्रच आंबतात, म्हणून रंग येतो आणि त्याबरोबर टॅनिनही येतं. खायची बिनबियांची थॉमसन द्राक्षं वेगळी आणि वाईनची शिराझ, काबर्ने सोव्हिन्यों वेगळी: दाणा लहान, साल जाड, आत बिया.

आता लाळेकडे येऊ. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत सुंदर भाग हाच आहे.

लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. कानाजवळच्या लाळग्रंथीतून जी प्रथिनं येतात, त्यांत मोठा वाटा प्रोलीन नावाच्या ॲमिनो आम्लाने भरलेल्या प्रथिनांचा असतो. प्रोलीन इतर ॲमिनो आम्लांपेक्षा वेगळं आहे. त्याची बाजूची फांदी वळून परत मुख्य साखळीतल्या नायट्रोजनलाच जोडलेली असते, त्यामुळे तिथे एक पाचकोनी कडं तयार होतं. साखळीत गेल्यावर या नायट्रोजनकडे मोकळा हायड्रोजन उरत नाही, आणि एरवी प्रथिनाची साखळी ज्या बंधांमुळे गुंडाळून मळसूत्रासारखी होते, ते बंध इथे जुळत नाहीत. म्हणून हे प्रथिन उलगडलेल्या सुतळीसारखं पसरलेलं राहतं. त्याचे ऑक्सिजन अणू उघडे पडतात, प्रोलीनची कडीही उघडी पडतात. टॅनिनचा रेणू म्हणजे कॅटेचिनसारख्या तुकड्यांची माळ, आणि प्रत्येक तुकड्यात चपटी फेनॉल कडी. ही चपटी कडी प्रोलीनच्या कड्यावर जाऊन बसतात, जसं एका ताटावर दुसरं ताट बसावं. शिवाय फेनॉलचा हायड्रोजन त्या उघड्या ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध जोडतो. एका टॅनिनला अशी अनेक कडी असल्यामुळे तो एकाच वेळी दोन-तीन प्रथिनांना धरू शकतो. जाळं वाढतं, जड होतं आणि लाळेतून साका होऊन बाहेर पडतं. तोंडाला वंगण देणारा थरच विस्कटतो. मग जीभ टाळूवर सरकते ती कोरड्या घर्षणाने. आपण त्याला तुरट म्हणतो.

लाळेत ही प्रथिनं का असावीत, याचा एक सुरेख पुरावा ज्वारीतून आला. १९८३ साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी उंदरांना भरपूर टॅनिन असलेली ज्वारी खायला घातली. तीन दिवसांत त्यांच्या लाळग्रंथी सुमारे तिपटीने वाढल्या आणि प्रोलीनवाली प्रथिनं जवळजवळ बारा पटींनी. टॅनिन अन्नातल्या प्रथिनांना धरून त्यांचं पोषण वाया घालवतं, म्हणून शरीर तोंडातच त्याला अडवतं. अशी गडद रंगाची ज्वारी पाखरंही टाळतात. आपल्या भाकरीच्या पांढऱ्या मालदांडीत टॅनिन अगदी कमी, म्हणून तिच्या शेतात राखण करावी लागते.

आता मटण. घोट एकामागून एक घेतले की तुरटपणा साठत जातो, कारण लाळेतली प्रथिनं भरून यायला वेळ लागतो. मधे मटणाचा घास आला की तिथे प्रथिनं असतात, टॅनिन लाळेऐवजी त्यांनाही धरतं. चरबी जिभेवर पुन्हा वंगण पसरते. २०१२ सालच्या एका प्रयोगात लोकांना चहा आणि सलामी, म्हणजे खारवलेल्या चरबीदार मांसाचे काप, आलटून पालटून दिले. घोटागणिक वाढणारा तुरटपणा चरबीच्या घासाने उतरत होता, आणि चरबीचा ओशटपणा चहाने. मटणातलं मीठही मदत करतं, कारण ते कडवटपणा दाबतं. चहात दूध घालतो तेव्हाही आपण टॅनिनला धरायला असंच दुसरं प्रथिन देतो. दुधातलं केसीन हे प्रथिनही प्रोलीनने भरलेलं आहे.

घरी करून बघा. कडक कोरा चहा गाळून पूर्ण गार होऊ द्या, गरम असेल तर अंडं शिजेल. अंड्यातला पांढरा भाग पाण्यात चिमूटभर मिठाबरोबर हलवून गाळून घ्या आणि थोडा थोडा चहात ओता. पाणी गढुळतं, हळूहळू कण खाली बसतात. फ्रान्समध्ये बोर्दो भागात जुन्या पद्धतीने २२५ लिटरच्या पिंपात पाच-सहा अंड्यांचा पांढरा भाग घालून वाईनचा तुरटपणा असाच उतरवतात.

शाकाहारी पानावर माझी पसंती भरल्या वांग्यांना. शेंगदाण्याचं कूट आणि खोबरं असल्यामुळे चरबी आणि प्रथिनं दोन्ही मिळतात. चिंचेच्या आमटीबरोबर मात्र वाईन आणखी तुरट लागते, आम्लामुळे. आणि कोल्हापुरी तांबड्या रश्श्याबरोबर मी रेड वाईन कधीच घेणार नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीला चेतवतं. तो एरवी साधारण ४२ अंशांना जागा होतो. अल्कोहोलमुळे तो ३४ अंशांना जागा होऊ लागतो, म्हणजे शरीराच्या उष्णतेनेच आग वाटते. पांढऱ्या रश्श्याबरोबर चालेल, त्यात नारळाचं दूध आहे.

हॉटेलात जेवायला गेल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. पहिला पेला मसाला पापडाबरोबर रिकाम्या पोटी संपवू नका, जेवण येईपर्यंत थांबा. आणि 'रेड वाईन रूम टेम्परेचरला' हा नियम युरोपातल्या थंड घरांचा, म्हणजे १६ ते १८ अंशांचा आहे. एप्रिलमध्ये पुण्यातली खोली ३२ अंशांवर असते. तिथे वाफ उठते ती अल्कोहोलची, फळाचा वास दबून जातो. बाटली वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायला सांगण्यात संकोच वाटायचं कारण नाही.

माशांबरोबर रेड वाईन नको म्हणतात, त्यालाही कारण सापडलंय. जपानमधल्या मर्शन या वाईन कंपनीच्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं की वाईनमधलं लोह माशाच्या तेलाचं विघटन करून उग्र वास उठवतं. त्यामुळे दोष लाल रंगाचा नाही. लोह कमी असेल तर सुरमई आणि रेड वाईन एकत्र नांदू शकतात.

एक गोष्ट रागानेच लिहितो. 'रोज एक पेला हृदयाला चांगला' असं सांगणारे संदेश फिरवू नका. द्राक्षाच्या सालीतल्या ज्या रेझव्हेराट्रॉल या द्रव्याचं नाव घेतलं जातं, ते लिटरभर वाईनमध्ये फार तर काही मिलिग्रॅम. माणसांवरच्या चाचण्यांत ते दिवसाला शेकडो मिलिग्रॅम दिलेलं आहे. अल्कोहोल मात्र कर्करोगकारक असल्याचं १९८८ सालीच जाहीर झालं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं की दारूचं कोणतंही प्रमाण निर्धोक नाही. जो पीत नाही त्याने औषध म्हणून सुरू करू नये. जो पितो त्याने थोडी प्यावी, चवीसाठी प्यावी.

पुढच्या रविवारी दादाचा खुलासा तपासायचा ठरला. तशीच दुसरी बाटली दोन तास आधी उघडून, पेले भरून ओट्यावर ठेवले. वहिनीने जेवणाआधी घोट घेतला. "तीच जांभळाची बी," ती म्हणाली. मग तिने नळी फोडली, भाकरीचा तुकडा त्यात बुडवून खाल्ला आणि पुन्हा पेला ओठांना लावला. दादा तिच्याकडे बघत होता. तिने फक्त मान डोलावली आणि भाकरी मागितली.