फायबर फाट्यापर्यंत आलं, मग घरात कधी? दापोली परिसरातल्या आमच्या इंटरनेट ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

पोलवर काळ्या केबलचं वेटोळं दिसू लागल्यापासून दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, “केबल तर दारावरून गेली, मग आमचं कनेक्शन का देत नाही?” प्रश्न रास्त आहे. काउंटरवर दोन मिनिटांत त्याचं पुरं उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक. तारखा आम्ही यात दिलेल्या नाहीत. परवानगी आणि पाऊस या दोन्ही गोष्टी आमच्या हातात नसताना तारीख छापणं आम्हाला योग्य वाटत नाही.

दारावरून गेलेली केबल

ती फायबरची, म्हणजे प्रकाशावर इंटरनेट वाहून नेणाऱ्या काचेच्या बारीक तंतूंची, मुख्य लाइन आहे. विनाथांबा एस.टी. फाट्यावरून जाते, पण तिथे थांबा नसेल तर चढता येत नाही, तसंच हे आहे. त्या केबलमधून तुमच्यासाठी तंतू बाहेर काढायचा तर ठरलेल्या जागी ती उघडून जॉइंट बॉक्स बसवावा लागतो. बॉक्समधला स्प्लिटर एका तंतूतला प्रकाश अनेक घरांत वाटतो आणि तिथून पुढे बारीक ड्रॉप वायर घरापर्यंत येते. पोलवरचं वेटोळं म्हणजे पुढे जॉइंट करायला राखून ठेवलेली जादा केबल.

मग जो मागेल त्याच्या दारात केबल उघडून का देत नाही? प्रत्येक जॉइंटमध्ये आणि प्रत्येक वाटणीत प्रकाश कमी होतो म्हणून. एक तंतू ३२ घरांत वाटला की एका घराच्या वाट्याला मूळ प्रकाशाचा सुमारे पन्नासावा भाग येतो. तेवढा पुरतो, पण उधळपट्टी करण्याइतका नाही. तंतूतला प्रकाश घेऊन राउटरला इंटरनेट देणाऱ्या, घरात बसणाऱ्या ओएनयू या डबीला साधारण उणे २७ डीबीएमपर्यंतचा प्रकाश ओळखता येतो (डीबीएम हे प्रकाशाच्या जोराचं माप, उण्याचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). उणे २६ वर जोडून दिलं तर त्या दिवशी इंटरनेट झकास चालेल आणि पहिल्या पावसात, वायर थोडी दुमडली किंवा जॉइंटला ओल लागली की बंद पडेल. त्यामुळे मीटरवर उणे २४ किंवा त्याहून चांगला आकडा येईपर्यंत आम्ही जोडणी पूर्ण झाली असं मानत नाही. जोडणीच्या दिवशी हा आकडा आमच्या मुलाकडून पावतीवर लिहून घ्या. पुढे तक्रार आली तर त्याच्यावरूनच दोष कुठे आहे ते लवकर कळतं.

शहरात एका इमारतीत एक बॉक्स लावला की तीस कनेक्शन होतात. आपल्याकडे तेवढ्याच घरांसाठी तीन वाड्या आणि दोन वहाळ ओलांडावे लागतात. म्हणून बॉक्सची जागा आधी सगळी घरं मोजून ठरवावी लागते. ती एकदा चुकली तर पुढची दहा वर्षं त्या वाडीला त्रास.

सध्याच्या डिशवर रात्री स्पीड का पडतो

आत्ता बहुतेकांकडे छपरावर किंवा पाइपवर लावलेली डिश आहे आणि ती टॉवरवरच्या अँटेनाशी हवेतून बोलते. दोघांमधली वाट सरळ आणि मोकळी लागते. लावली तेव्हा मोकळी असलेली वाट चार वर्षांत माडाने किंवा कलमाने अडते, आणि ओली पानं कोरड्या पानांपेक्षा सिग्नल जास्त अडवतात. शिवाय एका अँटेनाची क्षमता त्या दिशेच्या सगळ्या घरांत वाटली जाते. रात्री आठनंतर सगळेच व्हिडिओ बघतात, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला थोडं येतं. गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी आले की तर बोलायलाच नको. यात तुमच्या प्लॅनचा दोष नाही आणि जास्त पैशांचा प्लॅन घेऊन ते सुटणारही नाही. तसा प्लॅन कोणी मागितला तर आम्ही स्वतःच नको म्हणतो.

फायबरवर हे बदलतं. आम्ही बसवत असलेल्या यंत्रणेत एका तंतूवर जवळपास अडीच हजार एमबीपीएस येतात. ३२ घरं एकाच क्षणी पूर्ण ताकदीने वापरू लागली तरी प्रत्येकाला पंचाहत्तरच्या वर मिळतात. घरून काम करणाऱ्यांसाठी अपलोडही सुधारतं. दुसरा मोठा फरक विजेचा. तंतू काचेचा असल्याने त्यातून वीज वाहत नाही. एका घरातून दुसऱ्या घरात तांब्याच्या लॅन वायरी नेलेल्या असतात, तिथे जवळपास वीज पडली की स्विच आणि राउटर जळतात. काचेच्या तंतूतून तो धक्का घरात येत नाही.

हिशेबाची एक गोष्ट. स्पीड बिटमध्ये सांगतात, फाइल बाइटमध्ये मोजतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १ जीबीची फाइल १० एमबीपीएसवर तेरा मिनिटांहून जास्त घेते, १०० वर सुमारे ८० सेकंद.

उशीर कुठे होतो

केबल ओढायला कमी, कागदांना जास्त वेळ लागतो. एकाच मार्गावर थोडा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, पुढचा जिल्हा परिषदेचा, वाडीतला ग्रामपंचायतीचा. प्रत्येकाचा अर्ज, शुल्क आणि रस्ता पूर्ववत करण्याची अट वेगळी. केंद्राचे मार्गहक्काचे, म्हणजे केबल नेण्यासाठी रस्ता आणि जागा वापरण्याच्या परवानगीचे, नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. त्यांत अर्ज निकाली काढायला मुदत घालून दिली आहे, ही चांगली गोष्ट आहे.

खरी अडचण खाजगी जमिनीची आहे. बागेच्या कडेने एक पोल रोवायचा म्हटलं की सातबारा बघावा लागतो, आणि त्यावर वीस-पंचवीस नावं असतात. अर्धे हिस्सेदार मुंबईत, काही वारलेले, वारस नोंद बाकी. कसणारा आनंदाने हो म्हणतो, मग एखादा चुलतभाऊ फोन करून काम थांबवतो. त्याचंही चुकत नाही, त्याला कोणी विचारलेलं नसतं. म्हणून आता आम्ही सगळ्यांना आधी विचारतो आणि त्याला वेळ लागतो. तुमच्या सामायिक जमिनीतून लाइन जाणार असेल तर मुंबईच्या मंडळींशी तुम्ही बोललात तर आमच्या दहा फेऱ्यांचं काम एका फोनमध्ये होतं. पोल जागामालकाच्या सांगण्यावरून हलवायचा झाल्यास आम्ही स्वखर्चाने हलवू, हे संमतीपत्रात लिहिलेलं आहे.

मग पाऊस. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. जूनपासून खोदाई बंद राहते. शिवाय जॉइंटही नीट होत नाही. तंतूचा प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो, दोन टोकं मशीनमध्ये वितळवून जोडताना धुळीचा कण किंवा दमट हवा मध्ये आली तरी जोड कच्चा राहतो. भर पावसात छत्रीखाली जॉइंट करून देता येतो, पण आम्ही देत नाही. मोठं काम गणपतीनंतर पाऊस ओसरला की सुरू होतं आणि मे अखेरपर्यंत चालतं.

खोदाईत जांभा लागतो. मऊ मातीत एका दिवसात जेवढी चर होते, तेवढ्याला कातळावर आठवडा जातो. तरीही मुख्य लाइन जमेल तिथे जमिनीखालून नेण्याचा आमचा आग्रह आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आपल्या तालुक्यात खांब आणि झाडं कशी आडवी झाली हे तुम्ही पाहिलं आहे. वरून नेलेली लाइन स्वस्त आणि झटपट होते, पण तसं वादळ पुन्हा आलं तर सगळं नव्याने उभं करावं लागेल. घरापर्यंतचा शेवटचा तुकडा मात्र वरूनच येईल. त्यावर वानरं लोंबकळतात, त्यासाठी आत तार असलेली ड्रॉप वायर वापरतो. भाजावळीच्या दिवसांत बांधाजवळ आग लावण्याआधी आम्हाला एक फोन करा. केबल जवळून जात असेल तर माणूस पाठवतो. मागे एका आगीत एक तुकडा वितळला आणि आख्खी वाडी बंद राहिली.

“ग्रामपंचायतीत सरकारी फायबर आलंय ना?” असंही विचारतात. ती भारतनेटची लाइन. २०११ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेचा मूळ उद्देश देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचा होता. तिथून घराघरांत नेण्याचं काम वेगळं उरतंच. आणि तुमच्या अंगणात मोबाइलची ५जी रेंज चांगली येत असेल, तर तोवर खुशाल ती वापरा. डिशचं कनेक्शन बंद ठेवायचं असेल तर अनामत परत मिळेल.

घरात काय तयारी करावी

ओएनयू आणि राउटर कुठे बसवायचं ते आधी ठरवा. पडवीच्या कोपऱ्यात बसवलं तर चिऱ्याच्या जाड भिंतींपलीकडे माजघरात वाय-फाय पोचत नाही. घराच्या मधोमध, उंचावर, प्लगजवळ जागा उत्तम. जुना राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचा असेल तर १०० चा प्लॅन घेऊनही मोबाइलवर बऱ्याचदा चाळीस-पन्नासच दिसतील. तो बदलायचा की नाही ते आम्ही येऊन मोजून सांगू, आधी खरेदी करू नका. फायबरच्या लाइनला वाटेत वीज लागत नाही, पण घरातल्या डबीला लागते. इन्व्हर्टर असेल तर तिचा प्लग त्यावर घ्या. नसेल तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो. आत आलेली पिवळी किंवा पांढरी बारीक वायर खिळ्याला गुंडाळू नका, दारात चेंगरू देऊ नका. डबीवर लाल दिवा लागला तर वायर न ओढता फोन करा.

पैशांबद्दल

फायबरसाठी आम्ही आगाऊ रक्कम घेत नाही. आमच्या नावाने कोणी नोंदणी शुल्क मागत असेल तर देऊ नका आणि दुकानात कळवा. जोडणी होऊन स्पीड तुमच्यासमोर तपासल्यावरच बिल. दरांवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो आम्ही वेगळा दाखवतो. नवी लाइन लागल्यावरही डिश महिनाभर तशीच ठेवतो, म्हणजे काही अडलं तर घर बंद पडत नाही.

क्रम कसा ठरतो

ओळखीवर किंवा कोणी किती वेळा फोन केला यावर नाही. ज्या वाडीच्या संमती पूर्ण होतात ती आधी. दोन वाड्या एकदम तयार झाल्या तर जिथे डिशचा सिग्नल सर्वांत वाईट आहे ती पुढे घेतो. शाळा, दवाखाना किंवा घरून नोकरी करणारं कोणी असेल तर अर्जावर नक्की लिहा, त्याचा विचार होतो.

मागच्या पानावर अर्ज आणि संमतीपत्र आहे. घराचा ढोबळ नकाशा काढून मीटरचा खांब आणि मोठी झाडं दाखवा. सामायिक जमीन असेल तर हिस्सेदारांची नावं आणि त्यांना कधी फोन केलेला चालेल ते लिहा. भरलेला कागद दुकानात द्या किंवा बिलाला येणाऱ्या मुलाकडे. तुमच्या वाडीची कुठली परवानगी आली आणि कुठली बाकी आहे, याची यादी दुकानाच्या दारावर लावतो आणि दर सोमवारी बदलतो.