रॉ मोड लावला की फोटो आपोआप चांगला येतो?

‘मोबाइलमध्ये रॉ सुरू करा, फोटो लगेच सुंदर येतील’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पटणं साहजिक आहे, रॉ फाइल आकाराने बरीच मोठी असते. पण ती म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेली जवळपास कच्ची माहिती, तयार फोटो नव्हे.

जेपेग, म्हणजे नेहमीचा तयार फोटो, बनवताना फोन बहुधा लागोपाठ टिपलेल्या अनेक फ्रेम एकत्र करतो, फोटोतले दाणे (नॉइज) पुसतो, कडा ठळक करतो, रंग खुलवतो. साध्या रॉमध्ये यातलं जवळपास काहीच नसतं, म्हणून ती फिकी आणि दाणेदार दिसते. (काही फोन जोडलेल्या फ्रेमची रॉ देतात, ती वेगळी.) तिचं खरं बळ एडिटिंगमध्ये आहे: जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, तर १२ बिट रॉमध्ये ४०९६.

स्वतःच पडताळून बघा. खिडकीजवळ कुणाला तरी बसवून दोन्ही प्रकारे फोटो काढा. काहीही न करता पाहिलं तर बहुतेकदा जेपेगच उजवा वाटेल. आता दोन्हींत सावल्या उजळा, व्हाइट बॅलन्स (रंगांची पिवळसर-निळसर झाक) बदला. जेपेगमध्ये गालावरच्या सावलीत डाग, पट्टे दिसू लागतील. रॉमध्ये त्वचेचा रंग बराच टिकेल. खिडकीबाहेरचं आकाश पूर्ण पांढरं पडलं असेल, तर मात्र ते रॉमधूनही परत येत नाही. अशा वेळी फोटो काढतानाच एक्स्पोजर (फोटोचा उजेड) थोडं कमी ठेवा.