आखाजीपर्यंत आंबा नाही

खान्देशात पुष्कळ घरांमध्ये आखाजीआधी, म्हणजे अक्षय्य तृतीयेआधी, आंबा खात नाहीत. बाजारात तो केव्हाच आलेला असतो, पोरं मागे लागलेली असतात, पण घरातली म्हातारी ऐकत नाही. आधी पितरांना, मग आपल्याला. अक्षय्य तृतीयेला नवी मातीची घागर पाण्यानं भरायची, तिच्यावर खरबूज, आंबे, सांजोऱ्या ठेवायच्या, घरातून गेलेल्या माणसांच्या नावानं विस्तवावर आगारी, म्हणजे नैवेद्याचा घास, टाकायची. मग खापरावरच्या पुरणपोळीबरोबर आमरसाची पहिली वाटी. त्याच दिवशी कडुलिंबाला झोके टांगलेले असतात, माहेरी आलेल्या लेकी गाणी म्हणत असतात, ओट्यावर पत्त्यांचा डाव रंगलेला असतो आणि गावात सालदारांची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुरांची, सालं ठरत असतात. मौज, काम आणि मरण, तिन्ही एकाच तिथीला.

यामागे काही वैज्ञानिक कारण आहे का, असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. प्रथा पडली ती विज्ञानासाठी पडली नाही, आणि प्रत्येक रूढीला ओढूनताणून विज्ञान चिकटवण्याची मला हौस नाही. पण लांबवलेला आंबा जास्त गोड का लागतो, यावर प्रयोगातून मिळालेलं उत्तर मात्र आहे. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २०१३ साली ते प्रसिद्ध केलं. लोकांना चॉकलेट खायला दिलं आणि आठवड्यानं परत बोलावलं. मधल्या आठवड्यात एका गटाला चॉकलेट पूर्ण बंद. दुसऱ्याला भरपूर चॉकलेट देऊन हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. तिसऱ्याला काहीच अट नव्हती. आठवड्यानंतर पुन्हा चॉकलेट दिलं, तेव्हा ज्यांनी ते तोंडाला लावलं नव्हतं त्यांनीच ते सर्वांत चवीनं खाल्लं. बाकीच्यांची पहिल्या वेळची गोडी उतरलेली होती.

सुखाचा अभ्यास करणाऱ्यांची ही जुनी डोकेदुखी आहे. मेंदूला चांगल्या गोष्टीची सवय होते, आणि सवय झाली की ती गोष्ट दिसेनाशी होते. कूलर आणला त्या उन्हाळ्यात घरचे त्याच्यासमोरून उठत नाहीत. दोन उन्हाळे गेले की त्याचा फक्त आवाज ऐकू येतो.

मग खूप पैसा आला तर काय होतं? जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर हे या प्रश्नासाठी फार सोयीचं गाव. १९१६ साली प्रताप शेठ यांनी इथे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी तत्त्वज्ञान मंदिर सुरू केलं. १९४५ साली याच गावात वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, तिचं आजचं नाव विप्रो. गावकऱ्यांनी तेव्हा घेतलेले शेअर काही घरांनी विकून टाकले, काहींनी तसेच ठेवून दिले, आणि ठेवून देणाऱ्यांपैकी काही कुटुंबं कोट्यधीश झाली. लक्ष्मी आणि ब्रह्मजिज्ञासा यांचा पिन कोड एकच.

अचानक आलेल्या पैशावरचा सर्वांत गाजलेला अभ्यास १९७८ चा, फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मोठी लॉटरी लागलेले २२ जण, त्यांच्याच भागातले २२ सामान्य लोक आणि अपघातात अपंग झालेले २९ जण यांच्या मुलाखती घेतल्या. शून्य ते पाच या मोजपट्टीवर लॉटरीवाल्यांचं सुख ४.०० भरलं, सामान्य लोकांचं ३.८२. एवढ्या लहान गटांत हा फरक नसल्यातच जमा. उलट मित्राशी गप्पा, विनोद, सकाळची न्याहारी अशा रोजच्या गोष्टींतला आनंद लॉटरीवाल्यांना इतरांपेक्षा कमी वाटत होता.

या अभ्यासाचा व्याख्यानांमधून फार वापर होतो आणि बहुतेक वेळा चुकीचा होतो. लॉटरी लागो की पाय जावोत, काही दिवसांत सगळे होते तिथेच, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. अपघातग्रस्तांचा आकडा २.९६ होता. तो सामान्य लोकांच्या बराच खाली आहे. दुःखाची सवय होते ती अर्धीमुर्धी. आणि पैशाचं म्हणाल, तर २०२० साली स्वीडनमधल्या लॉटरी विजेत्यांचा खूप मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मोठी बक्षिसं मिळालेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलंच दिसलं. रोजच्या मनःस्थितीवरचा परिणाम मात्र त्या मानानं थोडा होता. म्हणजे 'एकूण आयुष्य कसं चाललंय' आणि 'आज कसं वाटतंय' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पैसा पहिल्या प्रश्नाचं उत्तर जास्त बदलतो.

नसलेल्या पैशाची गोष्ट याहून गंभीर. आनंदी मणी, सेंदिल मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची बुद्धीची चाचणी घेतली, एकदा ऊस तुटण्याआधी आणि एकदा पैसे हातात आल्यावर. २०१३ साली आलेला हा निकाल मला कुठल्याही सुखसूत्रापेक्षा महत्त्वाचा वाटतो. तोच शेतकरी, तीच चाचणी, पण कापणीआधी गुण कमी. हुशारी कमी झालेली नव्हती. ती उधारी, गहाण आणि तारखांच्या हिशेबात गुंतून पडली होती. आखाजीसुद्धा पेरणीच्या तोंडावर येते. बियाणं, खत, सोसायटीचं कर्ज हे सगळं डोक्यात घेऊन माणूस घागर पुजत असतो. त्याला अशा वेळी 'सुख मानण्यात असतं' हे ऐकवणाऱ्याबद्दल मला फारसा आदर नाही.

ओट्यावरच्या पत्त्यांकडे जाता जाता पाहू. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची नोंद घेतली, तेव्हा दिसलं की अनपेक्षित रस मिळाला की या पेशी जोरात पेटतात. रस मिळणार याची खूण आधी दिसू लागली, की खुणेलाच पेटतात, प्रत्यक्ष रसाला नाही. आणि ठरलेला रस चुकला तर नेहमीपेक्षाही शांत होतात. पानं उचलतानाची ती धडधड म्हणजे हेच. जिंकलेल्या पैशाशी तिचा संबंध कमी. केंट बेरिज यांनी उंदरांवर दाखवलं की डोपामिन जवळजवळ संपवलं तरी जिभेवर ठेवलेली साखर त्यांना आवडते, फक्त ती मिळवायला ते जागचे हलत नाहीत. हवंसं वाटणं आणि आवडणं यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत. रात्रभर खेळून, हरून, चिडून पुढच्या वर्षी त्याच ओट्यावर बसणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही.

आता सालदार. त्याचं साल आखाजीला संपतं, नव्या वर्षाचा आकडा ठरतो, उचल मिळते, आणि पुढचे बारा महिने त्याचे हात मालकाच्या वावरात. या कामात त्याला समाधान मिळतं का? एमी रेझ्नेस्की यांनी १९९७ साली कामाकडे पाहण्याच्या तीन तऱ्हा मोजल्या: पगारापुरतं काम, वर चढण्यासाठीचं काम आणि मनापासून आपलं वाटणारं काम. यात मजेशीर भाग असा की एकाच हुद्द्यावर, जवळपास सारख्याच पगारावर काम करणारे २४ कार्यालयीन मदतनीस पाहिले, तर तेही या तीन तऱ्हांत साधारण सारखेच वाटले गेले होते. पुढे रुग्णालयातल्या सफाई कामगारांमध्येही हेच दिसलं. काही जणांच्या लेखी काम म्हणजे फरशी. काही जणांनी रुग्णाशी दोन शब्द बोलणं, भांबावलेल्या नातेवाइकाला वाट दाखवणं हेही आपल्या कामातच धरलं होतं, आणि काम त्यांनाच जास्त आवडत होतं.

असे निष्कर्ष मालक लोकांना फार आवडतात, म्हणून त्याची दुसरी बाजूही ऐका. २०२० साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासमालेत दिसलं की माणूस काम मनापासून करतो असं कळलं, की त्याच्याकडून बिनपगारी जादा काम करून घेणं लोकांना जास्त रास्त वाटतं. आपल्याकडे गावोगाव आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंच्या पगाराला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. ते का, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

काम निरर्थक कशानं होतं, हे समजायला डॅन अरिएली आणि सहकाऱ्यांचा २००८ चा प्रयोग पाहावा. विद्यार्थ्यांनी प्लॅस्टिकचे तुकडे जोडून खेळणी बनवायची, प्रत्येक पुढच्या खेळण्याला थोडे कमी पैसे. एका गटाची बनलेली खेळणी समोर मांडून ठेवली जात. दुसऱ्या गटाचं खेळणं तो पुढचं बनवत असताना त्याच्या डोळ्यांदेखत सुटं केलं जाई. पहिल्यानं सरासरी १०.६ खेळणी बनवली, दुसऱ्यानं ७.२ वरच सोडून दिलं. पैसे दोघांना सारखेच होते. खेळण्यावरून शेतीबद्दल बोलताना जपून बोलावं, हे खरं. पण रावेर-यावल भागात केळीवर सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला, की स्वतःच्या हातानं लावलेली रोपं शेतकऱ्याला स्वतःच उपटून फेकावी लागतात. पंचनाम्यात रोपांची किंमत लिहिली जाते. पुन्हा लागवड करायला हात का उचलत नाही, ते या ७.२ मध्ये थोडं दिसतं.

रॉय बाउमायस्टर यांनी २०१३ साली ३९७ अमेरिकी प्रौढांना दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारल्या: तुम्ही सुखी आहात का, आणि तुमचं आयुष्य अर्थपूर्ण आहे का. उत्तरं बरीचशी जुळली, पण सगळी नाही. प्रकृती बरी असणं, गरजा भागणं यांचा संबंध सुखाशी निघाला, अर्थाशी फारसा नाही. काळजी करणं, ताण सोसणं, मागचं-पुढचं आठवत बसणं, दुसऱ्यासाठी झिजणं यांनी सुख घटत होतं आणि अर्थ वाढत होता. झोक्यावरची लेक आणि पहाटेपासून खापराच्या धगीसमोर बसलेली तिची आई, दोघींना हा प्रश्न एकाच वेळी विचारला तर काय उत्तरं येतील ते सांगता येतं. आईचं उत्तर ऐकून तिला धगीसमोरच बसवून ठेवावं, असा मात्र त्याचा अर्थ काढू नये.

राहिली घागर, म्हणजे मरण. मरणाची आठवण करून दिली की माणूस आपल्या जातीला, देशाला, परंपरेला घट्ट धरतो, असा एक सिद्धांत १९८० च्या दशकापासून फार जोरात होता आणि त्याच्या बाजूनं शेकडो प्रयोग छापून आले. मग २१ प्रयोगशाळांनी मिळून त्यातला एक मूळ प्रयोग पुन्हा करून पाहिला. २०२२ साली आलेल्या त्या अहवालात परिणाम सापडलाच नाही. तेव्हा त्यावर जास्त वेळ घालवत नाही.

लॉरा कार्स्टेन्सन यांचं काम जास्त टिकाऊ निघालं आहे. त्या विचारतात: अर्धा तास मोकळा आहे, कुणाबरोबर घालवाल? घरच्या जवळच्या माणसाबरोबर, आवडत्या पुस्तकाच्या लेखकाबरोबर, की नव्यानं ओळख झालेल्या कुणाबरोबर? म्हातारी माणसं घरचं माणूस निवडतात, तरुणांचं तसं ठरलेलं नसतं. हे वयाचं लक्षण वाटेल. पण तरुणांना 'तुम्ही लवकरच एकटे दूरगावी जाणार आहात' अशी कल्पना करायला सांगितली, की तेही घरच्यांकडे वळतात. आणि वृद्धांना 'नव्या औषधानं तुम्हाला आणखी वीस वर्षं मिळाली' असं धरून चालायला सांगितलं, की त्यांचा घरच्यांकडचा ओढा विरतो. हाँगकाँग १९९७ साली ब्रिटिशांकडून चीनकडे जाणार होतं. त्याच्या दोन महिने आधी तिथले तरुणही वृद्धांसारखीच निवड करत होते. हस्तांतरानंतर वर्षानं ते पुन्हा तरुणांसारखे वागू लागले. म्हणजे वय हे निमित्त आहे. आपल्यापुढे किती वेळ उरला आहे याचा मनातला अंदाज निवड ठरवतो.

हा अंदाज सुखालाही धार लावतो. जेमी कर्ट्झ यांनी २००८ साली पदवीच्या शेवटच्या आठवड्यांत असलेल्या विद्यार्थ्यांना कॉलेजबद्दल लिहायला लावलं. दिवस सगळ्यांचे सारखेच उरले होते. एका गटाला ते थोडेच उरलेत असं भासवलं, दुसऱ्याला अजून पुष्कळ आहेत असं. पहिला गट पुढच्या दोन आठवड्यांत जास्त मिसळला, जास्त फिरला आणि जास्त आनंदी राहिला. माहेरवाशिणीची सुट्टी अशीच असते. सासरी परतायची तारीख येतानाच ठरलेली, म्हणून तर बारा वाजताच्या उन्हातही झोका थांबत नाही.

शेवट जवळ आहे हे कळून माणूस निराश होईल अशी आपली भीती असते. या प्रयोगांत बहुधा उलट दिसतं. निराश करणारी गोष्ट दुसरीच आहे. १९७० च्या दशकात एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात एका मजल्यावरच्या रहिवाशांना एकेक रोपटं दिलं आणि ते तुम्हीच सांभाळायचं, आपल्या दिवसाचे छोटे निर्णयही तुम्हीच घ्यायचे, असं सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपटं मिळालं, पण पाणी परिचारिका घालणार होत्या. दीड वर्षानं पहिल्या गटातले ४७ पैकी ७ जण गेले होते, दुसऱ्यातले ४४ पैकी १३. आकडे लहान आहेत, मजले दोनच होते, रोपट्यानं आयुष्य वाढतं असं यावरून म्हणता येत नाही. सांभाळायला काही नसलं की माणूस खचतो, एवढी शंका घ्यायला मात्र ते पुरेसे आहेत.

खान्देशात हा विषय हल्ली फोनवर निघतो. मुलगा सुरतेला, आबा गावात, गुडघे गेलेले. ‘आबा, वावर बटाईनं देऊन टाका, म्हैस विकून टाका, आता आराम करा.’ मुलाचं चुकत नाही; आबा गोठ्यात पडले तर उचलायला कोण आहे? फक्त म्हशीबरोबर पहाटे पाचला उठायचं कारणही विकलं जातं, आणि त्याचा भाव कुठलाही व्यापारी धरत नाही. काही आबा यावर मधला मार्ग काढतात: वावर बटाईला, म्हैस बाजारात आणि एक शेळी स्वतःकडे. तिला दोन वेळा बांधापर्यंत न्यावं लागतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं असतं तेही साधारण तेवढंच.