गेन आणि फेडर एकच नव्हेत
मिक्सरवरचे गेन आणि फेडर ही दोन्ही आवाज कमी-जास्त करण्याचीच साधने असून कोणतेही वापरले तरी चालते, हा ध्वनिमुद्रणाच्या विद्यार्थ्यांमधला जुना समज चुकीचा आहे. गेन चॅनेलच्या (मिक्सरमधल्या एका मायक्रोफोनच्या मार्गाच्या) तोंडाशी असतो आणि मायक्रोफोनचा क्षीण सिग्नल प्रीअँपने, म्हणजे सुरुवातीच्या वर्धकाने, किती वाढवायचा हे ठरवतो, तर फेडर त्या वाढलेल्या सिग्नलचा मिक्समधला वाटा ठरवतो. त्यामुळे तबल्याच्या थापेला सिग्नल प्रीअँपमध्येच फाटला (क्षमतेपलीकडे जाऊन विकृत झाला), तर फेडर कितीही खाली ओढला तरी तोच फाटका आवाज फक्त हळू ऐकू येतो. म्हणून वादकाला सर्वांत जोरकस तुकडा वाजवायला सांगून (चाचणीला बहुतेक जण हात राखूनच वाजवतात) गेन लावावा. 24 बिट डिजिटल मुद्रणात सरासरी पातळी उणे 18 डीबीएफएसच्या (डिजिटल पातळीचे एकक; यात 0 ही कमाल मर्यादा) आसपास पुरेशी असते.